दातांतले आठ महिने

तन्मय ढवळेच्या जबड्याचं वाचन सकाळी अकराला झालं आणि साडेबाराच्या सुमारास डॉ. शबाना मुजावर यांनी वेदिकाला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. कोल्हापूरच्या त्या दंतप्रतिमा केंद्रात वेदिका गेली चार वर्षं नोकरीला होती. दात आणि चेहऱ्याची हाडं यांच्या प्रतिमा वाचायच्या, हा तिचा पेशा. पण तन्मय तिचा जुळा भाऊ, आणि नात्यातल्या माणसाची प्रतिमा आपण वाचायची नाही असा केंद्राचा नियम. म्हणून ते काम विभागप्रमुख मुजावर मॅडमनी स्वतःकडे घेतलं होतं. सगळं ठीक आहे एवढंच सांगायला बोलावलं असेल, असं धरून वेदिका गेली.

मॅडमनी तिला दार लावून घ्यायला सांगितलं.

"तुझी एक परवानगी हवीय," त्या म्हणाल्या. "तुझ्या दातांचं वाचन आपल्या संग्रहात आहे. ते मी तुझ्या भावाच्या वाचनाशेजारी लावून बघू का?"

"माझं कशाला?"

"जुळ्यांची तुलना केली की शंका फिटते. तुला दाखवायला त्याची हरकत नाही. फॉर्मवर त्याने तुझंच नाव दिलंय."

वेदिकाने हो म्हटलं, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

शंकेला जागा असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. इचलकरंजीत राहणाऱ्या त्यांच्या आईच्या, सारिकाबाईंच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्याला पाच महिने झाले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. नात्यातलं कुणी किडनी देईल का, असं डॉक्टरांनी विचारलं त्याच दिवशी तन्मय पुढे झाला. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. अडून बसली ती आई. "त्याच्या अंगाला सुरी लावायची नाही," एवढं एकच वाक्य ती पाच महिने धरून होती.

ते वाक्य वेदिकाला झोंबलं होतं. त्याला नको, म्हणजे मग कुणाला? लहानपणापासूनचं सगळं तिच्या डोक्यात परत उसळून आलं होतं. अख्खं अंडं तन्मयला, अर्धं वेदिकाला. दुधावरची साय त्याच्या पेल्यात. पहिली पोळी त्याच्या ताटात, आणि तो नको नको म्हणत असताना वर आणखी एक. वेदिका डॉक्टर होऊन घरी आली त्या दिवशीसुद्धा आईने लाडवाचा डबा उघडला तो आधी तन्मयपुढे धरला. याबद्दल वेदिका कधी काही बोलली नाही. पण गेल्या पाच महिन्यांत 'माझी किडनी घ्या' असंही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

किडनी देणाऱ्याचे दात कशाला तपासायचे, हे आईला कुणी नीट समजावलं नव्हतं. गोष्ट तशी सोपी आहे. आपल्या शरीरातलं हाड सतत मोडत आणि नव्याने बांधलं जात असतं. दहा-बारा वर्षांत जुनं फारसं उरत नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, मात्र एकदाच बनतं. ते बनत असताना रोज एक पातळ थर चढतो, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा. आज एक, उद्या एक. कवच पूर्ण झालं की थर बनवणाऱ्या पेशी मरून जातात आणि ते थर तिथेच कायमचे राहतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. फरक इतकाच की झाडाचं वलय वर्षाचं असतं आणि दाताचं एका दिवसाचं. पहिली कायमची दाढ जन्माच्या आसपास बनायला लागते, म्हणून तिच्यात जन्माच्या दिवसाची एक ठळक रेषा असते. त्या रेषेपासून मोजत निघालं की मूल कुठल्या आठवड्यात तापाने फणफणलं, कुठल्या महिन्यात उपाशी राहिलं, हे सापडतं. अंगात बळ नसलं की थर वेडेवाकडे आणि काळपट पडतात.

हे सगळं शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं. पण त्यासाठी दात उपटून, त्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागे. नव्या यंत्राने ती अडचण काढून टाकली. जुनं यंत्र दातात क्ष-किरण किती मुरले ते मोजायचं. हे यंत्र दोन थरांच्या सीमेवर किरण किती वाकला ते मोजतं. त्यामुळे जित्या माणसाच्या तोंडातली एकेक दिवसाची रेषा चार मिनिटांत पडद्यावर येऊ लागली.

आणि मग ते यंत्र जिथे तिथे शिरलं. खेळाडूंचं खरं वय, कोर्टातल्या आरोपीचं खरं वय, हे तर झालंच. बालपणी उपासमार झालेल्यांना पुढे हृदयाचे, किडनीचे विकार जास्त होतात म्हणून विमावाले दात मागू लागले. लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर दंतवाचन बघणारीही घरं निघाली. आणि किडनी देणाऱ्याच्या दातांत लहानपणीची मोठी उपासमार दिसली, तर उरलेल्या एका किडनीवर तो म्हातारपण काढू शकेल याची खात्री नाही, म्हणून अशा माणसाची किडनी घ्यायची नाही, असा नियम चार वर्षांपूर्वी झाला. केंद्रात मुलांना घेऊन येणाऱ्या बायका अलीकडे दबकत विचारायच्या, "मॅडम, यात काय काय दिसतं हो?" आयांना या यंत्राची भीती वाटू लागली होती. वेदिका त्यांना हसून म्हणायची, घाबरू नका.

मॅडमनी दोन्ही वाचनं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. डावीकडे तन्मय, उजवीकडे वेदिका. जन्माची रेषा दोघांचीही एकाच दिवसाची. पुढे पाच महिन्यांवर दोघांनाही बारीकसा ताप. अकरा महिन्यांवर पुन्हा. दोन वर्षं पाच महिन्यांपर्यंत एकाच पाळण्यातल्या दोन मुलांच्या रेषा जशा असाव्यात तशा त्या चालल्या होत्या. त्यानंतर वेदिकाच्या दाढेत दोन-तीन आठवड्यांचा एक गडद पट्टा होता, आणि मग पुन्हा स्वच्छ थर.

तन्मयचं मात्र तिथून सगळं बदललं होतं. थर चिकटलेले, काळपट, मधेच तुटलेले. दाढेत तेच, सुळ्यात तेच, पुढच्या दातांत तेच. चार दातांनी एकच सांगितल्यावर यंत्राची चूक म्हणायला जागा नव्हती. मॅडमनी बोटाने मोजून दाखवलं. दोनशे चाळीस रेषांच्या आसपास. त्यानंतर हळूहळू थर पुन्हा भरले होते.

"तुझा हा पट्टा कसला?"

"न्यूमोनिया. मी दवाखान्यात होते म्हणे."

"तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात ना?"

"हो."

"मग हा आठ महिने कुठे होता?"

वेदिका पडद्याजवळ गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "हे नुसत्या उपासमारीचं असेल तर तो बाद. पण कधी कधी आतड्याच्या लांबलेल्या आजारानेही असंच दिसतं. तो आजार पूर्ण बरा झाला असेल तर प्रत्यारोपणाची समिती परवानगी देते. घरी विचार. आजार झाला असेल तर तसा इतिहास लिहून, सही करून दे. मी तो मान्य करीन. गुरुवारी मला अहवाल पाठवायचाय."

दिवस सोमवार होता.

वेदिका अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. गाडीत ती दोनदा फोन हातात घेऊन बसली आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. अशा गोष्टी फोनवर विचारायच्या नसतात असं तिचं तिलाच वाटलं.

आईचा डायलिसिसचा दिवस होता. इचलकरंजीच्या डायलिसिस केंद्रात ओळीने आठ खुर्च्या. खिडकीजवळच्या खुर्चीत आई डोळे मिटून पडलेली. हाताला दोन नळ्या. आणखी अडीच तास तिला उठून कुठे जाता येणार नव्हतं.

"आलीस? आज कामाचा वार न्हवं?" आईने डोळे उघडले. "जेवलीस काय?"

"जेवले," वेदिका खोटंच म्हणाली. स्टूल ओढून बसली, परत उठली. "आई, तन्मयला लहानपणी काही मोठं दुखणं झालं होतं का? अडीच-तीन वर्षांचा असताना?"

"तन्याला? न्हाई बा."

"नीट आठव. हगवण, टायफॉइड, काहीही. पोट बिघडून खूप दिवस काढले असतील असं काही."

आईने मान खिडकीकडे फिरवली. मग म्हणाली, "यंत्रात दिसलं वाटतं."

"काय दिसलं?"

"ते तूच सांगणार. तू शिकलीयस ते."

वेदिकाने सांगितलं. आठ महिने, असं म्हटल्यावर आईने डोळे मिटून घेतले.

"लॉकडाऊनचं साल," ती म्हणाली. "त्याच्या आधी तुला न्यूमोनिया झाला. तुझे बाबा यंत्रमागावर, मी तुझ्यापाशी दवाखान्यात. तन्याला बघायला कोण न्हाई. तुझी मनीषा मावशी बनहट्टीहून आली, म्हणाली, ह्याला आठ दिवस नेते. हा अंगानं बरा होता. रडला पण न्हाई जाताना. आणि चौथ्या दिवशी सगळं बंद झालं. गाड्या बंद, कर्नाटकाची हद्द बंद, माग बंद."

"मग?"

"मग काय. तिच्या घरचेही माग बंद. तिची तीन पोरं, सासू, सासरा. त्यात हा. आम्ही रोज व्हिडिओ कॉल करायचो. हा हसायचा. एकदा त्यानं हात वर केला आणि सदरा वर गेला, तेव्हा मला त्याच्या बरगड्या दिसल्या." आईने मोकळ्या हाताने चादर वर ओढली. "त्याच्यानंतर मी नुसता आवाजाचा फोन करायला लागले. बघायला नको म्हणून."

शेजारच्या खुर्चीवरचं यंत्र वाजू लागलं. नर्स येऊन ते बंद करून गेली.

"पण हद्द तर काही महिन्यांत उघडली होती," वेदिका म्हणाली.

"उघडली. पास काढून जाता आलं असतं. तुझे बाबा निघालेही होते. मीच थांब म्हटलं." आईचा आवाज तसाच सपाट होता. "घरात एकापुरतं दूध होतं. तू दवाखान्यातून आलीस तेव्हा काडी झाली होतीस, डॉक्टर म्हणाले, हिचं खाणं तुटलं तर परत छाती भरेल. म्हटलं, तो तिकडं आहे तोवर असू दे. तो दणकट आहे. अजून पंधरा दिवस, अजून पंधरा दिवस, असं करत दिवाळीच्या तोंडावर आणला. मला ओळखलं न्हाई त्यानं. मावशीला आई म्हणायचा. आणि भाकरीचे तुकडे अंथरुणाखाली लपवून ठेवायचा, वर्षभर."

वेदिका भिंतीला टेकून उभी राहिली. ताट, अंडं, साय, लाडू. तीस वर्षं ती ज्याला पक्षपात समजत आली, ते आई मोजून मोजून परत करत होती.

"म्हणून त्याची किडनी नको म्हणत होतीस?"

"त्याच्याकडून एकदा घेतलंय. परत कसं घेऊ?"

"आणि माझी? मला वाटलं, त्याला नको म्हणजे मी द्यावी असं तुझ्या मनात आहे."

आईने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "तुला मी कधी मागितली?"

खरंच, तिने कधीच मागितली नव्हती. ती दोघांचीही न घेता जायची तयारी करून बसली होती, आणि हे वेदिकाच्या पाच महिन्यांत लक्षात आलं नव्हतं.

"त्याला सांगू नको," आई म्हणाली. "दातात काहीतरी दोष निघाला म्हण. एवढं कर माझ्यासाठी."

वेदिकाने स्टूल होतं तिथे परत सरकवलं. बाहेर येऊन ती रस्त्याने चालत सुटली. रिक्षावाले थांबून विचारत होते, ती हाताने नको म्हणत होती. आता द्यायला उरलो ते आपणच, हे तिला कळत होतं आणि तेच तिला नको होतं. मावशी तीन वर्षांपूर्वी गेली. बाबा त्याच्याही आधी. जुने कागद कुणाकडे नाहीत. 'आतड्याचा दीर्घ आजार, पुढे पूर्ण बरा' अशी एक ओळ लिहून सही केली, तर मॅडम मान्य करणार होत्या. तन्मयला जे हवं ते होईल. आईचं गुपित राहील. आणि वेदिकाच्या पोटाला कुणी हात लावणार नाही.

तिला ऑपरेशनची भीती वाटत होती. विद्यार्थी असताना पहिल्यांदा शस्त्रक्रिया बघून ती बाहेर येऊन बसली होती. प्रतिमांची शाखा घेतली त्यामागे तेही एक कारण होतं. पडद्यावर माणूस कापावा लागत नाही.

तन्मय गावाबाहेरच्या टेक्स्टाइल पार्कात स्वयंचलित मागांच्या दुरुस्तीचं काम बघायचा. ती तिथल्या फाटकाशी पोचली तेव्हा तो मागांच्या आवाजासाठी घातलेले कानावरचे संरक्षक काढत बाहेर आला आणि तिला बघून म्हणाला, "काय वेदे, रिपोर्ट घेऊन आलीस की काय? पास ना?"

त्याला काहीतरी दोष निघाला असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण तन्मयने पुढे विचारलं, "कसला दोष?" तर त्याच्याकडे बघून खोटं बोलायचं, आणि मग जन्मभर बोलत राहायचं, हे तिला झेपेना. शिवाय दात त्याचे होते. आतलं वाचन त्याचं होतं. तिने फाटकाजवळच्या बाकावर बसून सगळं सांगितलं, आईने सांगितलं तसंच, काही न वगळता.

तन्मयने हात पुढे केला. म्हणाला, "दाखव."

तिने टॅबलेटवर दोन्ही वाचनं उघडली. आपल्या बाजूच्या काळ्या रेषांवरून त्याने बोट फिरवलं, मग तिच्या बाजूच्या स्वच्छ थरांवरून.

"मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही," तो म्हणाला. "आणि न आठवणाऱ्या भुकेवरून मला आज बाद करणार?"

"तुझ्यासाठीच आहे तो नियम."

"माझ्यासाठी? मी रोज दहा किलोमीटर पळतो. माझ्या किडनीला काय झालंय?"

"आज काही नाही. एकच उरली तर वीस वर्षांनी काय होईल, सांगता येत नाही."

तो उठला, चार पावलं गेला, परत आला. "तू म्हणालीस ना, आजार असेल तर चालतं? मग लिही आजार."

"झाला नव्हता."

"कोण बघायला जाणारंय? वेदे, लिही. मी म्हणतोय ना. जोखीम माझी."

"तुझी असली तरी सही माझी आहे."

"मग काय आईला मरू द्यायचं?" त्याचा आवाज चढला. फाटकावरचा रखवालदार वळून बघू लागला. "तुझ्या नियमापायी?"

"मी देते," वेदिका म्हणाली.

हे वाक्य तिने ठरवून उच्चारलं नव्हतं.

तन्मय तिच्याकडे बघत राहिला. "पाच महिने तू गप्प होतीस."

"हो. मला भीती वाटत होती. अजून वाटते. आणि रागही होता, तुझ्यावर, तिच्यावर. तुझ्या ताटात जास्त पडायचं म्हणून."

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आणि आता दया आली. मी उपाशी राहिलो आणि तू दूध प्यायलीस, म्हणून तू भरपाई करणार. मला नको असलं काही. आईला काय तोंड दाखवायचं तेच मला कळत नाही." त्याने संरक्षक कानावर चढवले आणि तो आत निघून गेला.

गुरुवारी वेदिकाने खरा इतिहास लिहून दिला. मुजावर मॅडमनी तो वाचला, आणि काही न विचारता आपला अहवाल पूर्ण केला. त्याच दिवशी वेदिकाने आपलं रक्त तपासायला दिलं. पुढचे दोन आठवडे तपासण्यांत गेले. प्रत्येक निकालाआधी तिच्या मनात एक हलकीशी आशा डोकवायची की काहीतरी जुळणार नाही, आणि मग त्या आशेची तिला लाज वाटायची. सगळं जुळलं. दंतवाचनाची तर गरजच नव्हती. ते आधीच स्वच्छ होतं.

त्या दोन आठवड्यांत तन्मय आईकडे फिरकला नाही. डायलिसिसला त्यानेच नेऊन आणायचं असं इतके दिवस चाललेलं. आता शेजारच्या बाई जाऊ लागल्या. आईने त्याच्याबद्दल एकदाही विचारलं नाही. तो येईल म्हणून स्वयंपाक करायची, स्वतःला चालत नाही ते सुद्धा करायची, आणि संध्याकाळी ते शेजारी देऊन टाकायची. आणि वेदिकाने आपली किडनी जुळल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "मला कुणाचंच नको. तू तुझी कोल्हापूरला जा."

वेदिकाने समजावलं, चिडली, डॉक्टर म्हणून आकडे सांगितले. आई हलली नाही. घेणाऱ्याची सही नसेल तर समितीपुढे प्रकरणच जात नाही. पुढच्या बैठकीला सहा दिवस उरले होते. वेदिकाने तन्मयला निरोप पाठवला: 'ती सही करत नाही. तुला वाटलं तर ये.'

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वेदिका आईकडेच असताना तो आला. चपला दाराशी काढल्या, नेहमीसारखा आत येऊन खाटेच्या कडेला बसला. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिला तो आल्याचं कळलं होतं. तिचा हात पातेल्यावरच थांबला होता.

"बनहट्टीचं घर कसं होतं?" तन्मयने विचारलं.

आई वळली नाही. "बसकं. पुढं एक कडुलिंब. तू त्याच्याखाली बसायचास म्हणे, आल्यागेल्याकडं बघत."

"मावशी मारायची काय?"

"न्हाई. ती आपल्या पोरांना देईल तेवढंच तुला द्यायची. तेवढंही नसायचं."

त्याने खिशात हात घातला. मग म्हणाला, "मला तुझा राग आलाय, आई. अजून आहे. तो जाईल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पण ते वेगळं आणि हे वेगळं." त्याने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढून ओट्यावर ठेवला. "मला पाठवलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. आता मी पण तुला विचारत न्हाई. सही कर."

आईने ओले हात पदराला पुसले. पेन तन्मयनेच दिलं. सही करताना तिचं नाव ओळीच्या खाली उतरत गेलं. सही झाल्यावर ती पुन्हा पातेल्याकडे वळली आणि म्हणाली, "थांब. खाऊन जा."

"भूक न्हाई," तन्मय म्हणाला. पण तो लगेच उठला नाही. आईने वाढलेलं ताट पुढे आल्यावर त्याने त्यातलं अर्धं दुसऱ्या ताटलीत काढलं आणि वेदिकापुढे सरकवलं.

समितीपुढे किडनी देणाऱ्याला एकट्याने जावं लागतं. तीन माणसं होती, आणि सगळं बोलणं चित्रित करणारा कॅमेरा. अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते. त्यांच्यापुढे दोन्ही भावंडांचे अहवाल उघडे होते. ते त्यांनी वाचले होते हे त्यांच्या विचारण्याच्या पद्धतीवरूनच कळलं.

"डॉक्टर, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

उत्तर तिने आदल्या दिवशीच तयार केलं होतं. नाही, मी स्वखुशीने देत आहे. सगळे तेच सांगतात. तिने ते म्हणायला सुरुवात केली आणि मधेच थांबली.

"माणसांचा नाही," ती म्हणाली. "आईने मागितली नाही. भाऊ तर नको म्हणत होता. पण त्या अहवालातल्या रेषा मी रोज बघते. त्यांचा दबाव आहे का असं विचाराल, तर आहे."

"म्हणजे भावाचं देणं फेडायचं म्हणून?"

"आधी तसं वाटलं होतं. पण ते फिटणारं नाही, आणि तोही फेडून घ्यायला तयार नाही. मला आई जगायला हवी आहे. त्यांचं दोघांचं बोलणं आत्ता कुठे सुरू झालंय. त्याला वेळ लागेल."

"भीती वाटते?"

"खूप."

"अजून माघार घेता येते. का, ते आम्ही कुणाला सांगत नाही. फक्त 'जुळलं नाही' असं कळवतो."

वेदिकाला हे ठाऊक नव्हतं. दार इतकं सहज उघडं असेल असं तिला वाटलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. तिघंही वाट बघत होते आणि कुणीही घाई करत नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "तसं कळवू नका."

ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला ठरलं. सकाळी साडेसहाला दोघींच्या ट्रॉल्या शेजारी शेजारी आणून लावल्या. आईच्या डोक्याला हिरवी टोपी, त्यामुळे ती वेगळीच, लहान दिसत होती. तिने हात लांब करून वेदिकाची चादर नीट केली.

नर्स दोन फॉर्म घेऊन आली. "पेशंटबरोबर कोण आहे? दोन्हींवर जवळच्या नातेवाइकाची सही लागेल."

तन्मय पुढे झाला. भिंतीवर कागद टेकवून त्याने आधी वेदिकाचा फॉर्म भरला, भराभर. मग आईचा घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि पेन थांबलं. वेदिकाला ट्रॉलीवरून त्याची पाठ तेवढी दिसत होती. आईलाही. नर्सने घड्याळाकडे बघितलं.

"काय अडलं?" वेदिकाने विचारलं.

"नातं विचारलंय."

"मग?"

त्याने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मग त्याने लिहिलं, सही केली, कागद नर्सच्या हातात दिला आणि आईच्या ट्रॉलीच्या दांड्याला हात लावला.

"काय लिहिलंस रे?" आईने विचारलं.

"मुलगा," तन्मय म्हणाला. "दुसरं काय लिहिणार?"

नर्सने ब्रेक काढला, आणि दारापर्यंत ती ट्रॉली त्यानेच ढकलत नेली.